कप फुटला

आमच्या घरी एक वाद कायमचा होता. स्वयंपाकघरातून खळ्ळकन आवाज यायचा. बाहेरच्या खोलीतून आई विचारायची, "काय झालं गं?" मी सांगायचे, "कप फुटला." आईचा पुढचा प्रश्न ठरलेला: "फुटला, की फोडलास?"

मराठीत ही सोय आहे. फुटणं-फोडणं, तुटणं-तोडणं, पडणं-पाडणं, अडकणं-अडकवणं. जोडीतल्या पहिल्या शब्दात वस्तू आपली आपणच काहीतरी करते. दुसऱ्यात कोणीतरी माणूस लागतो. शाळेत हे अकर्मक-सकर्मक म्हणून शिकवलं होतं. आईला व्याकरणाशी देणंघेणं नव्हतं, पण वाक्यातून कर्ता गायब झाला की तिला लगेच कळायचं.

गेले काही महिने रात्री जेवणं उरकली की मी फोनवर एका जुन्या प्रकरणाचे कागद वाचतेय. टोयोटाच्या गाड्यांचे अ‍ॅक्सिलरेटर, २००९ ते २०१४, मुख्यतः अमेरिका. मालकांना गेलेली पत्रं, नासाचा अहवाल, अमेरिकेच्या न्याय खात्याने कंपनीकडून मान्य करून घेतलेलं निवेदन, ओक्लाहोमाच्या कोर्टातली साक्ष. बहुतेक सगळं इंटरनेटवर फुकट मिळतं. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, तीही गाड्यांच्या कंपनीतली नाही. हे का वाचायला घेतलं ते शेवटाकडे सांगते. आधी एवढंच, की मी ते एखादी कादंबरी वाचावी तसे वाचले: कोण बोलतंय, कोणाबद्दल बोलतंय, आणि कोणाचं नाव घ्यायचं टाळतंय. आणि कागद कोणताही असो, आईचा प्रश्न काही डोक्यातून जाईना.

या प्रकरणात चार संशयित आहेत: मॅट, पेडल, पाय आणि कोड. प्रत्येकाचा आपापला कागद आहे.

मॅट

२८ ऑगस्ट २००९. कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळचा महामार्ग. गाडी लेक्सस ईएस ३५०, म्हणजे टोयोटाचीच. स्वतःची गाडी सर्व्हिसिंगला दिलेली, म्हणून डीलरने तात्पुरती दिलेली ही गाडी. चालवणारा होता हायवे पेट्रोलचा अधिकारी, त्या दिवशी ड्युटीवर नसलेला. सोबत बायको, मुलगी आणि मेहुणा. गाडीचा वेग कमी होईना. मेहुण्याने ९११ ला फोन लावला आणि सांगितलं की गाडी थांबत नाहीये, पुढे चौक येतोय. फोन चालू असतानाच अपघात झाला. चौघंही गेले.

तपासात दिसलं ते असं. गाडीत ठेवलेली रबरी मॅट लेक्ससच्याच दुसऱ्या मॉडेलची होती, या गाडीला लांब पडणारी. ती क्लिपांनी बसवलेलीही नव्हती. अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल तिच्यात अडकलं होतं. काही दिवस आधी हीच गाडी नेलेल्या दुसऱ्या एका ग्राहकाला हाच अनुभव आला होता, आणि गाडी परत करताना त्याने डीलरच्या काउंटरवर तसं सांगितलंही होतं. ते सांगणं पुढे कुठेच पोचलं नाही.

अपघाताचं रेकॉर्डिंग अमेरिकाभर ऐकवलं गेलं. महिन्याभरात, २९ सप्टेंबरला, टोयोटाने सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मालकांना सांगितलं: ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट काढून टाका.

पण मॅटचा विषय नवा नव्हता. सप्टेंबर २००७ मध्येच कंपनीने कॅमरी आणि ईएस ३५० साठीच्या सुमारे ५५ हजार मॅट परत मागवल्या होत्या. लक्षात घ्या, मॅट मागवल्या, गाड्या नव्हे. मला या सगळ्या ढिगात सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा कागद याच्याशी जोडलेला आहे. जुलै २००९ मध्ये, म्हणजे अपघाताच्या दोनेक महिने आधी, कंपनीच्या वॉशिंग्टन कार्यालयात एक प्रेझेंटेशन झालं. पुढे काँग्रेसच्या चौकशीत ते बाहेर आलं. त्यात सुरक्षा विभागाने मिळवलेल्या यशांची यादी होती. तिच्यात हेही यश होतं: कॅमरी आणि ईएसचा विषय मॅटपुरत्या रिकॉलवर मिटवला, १० कोटी डॉलरहून जास्त वाचवले, दोष आढळला नाही.

स्लाइडवरची ही ओळ मी कितीदा तरी वाचली. आपल्यापैकी ज्यांनी अप्रेझलच्या आधी स्लाइड केल्यात त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल. यात खोटं काही नाही. पैसे खरंच वाचले असतील. 'दोष आढळला नाही' हेसुद्धा कागदोपत्री खरं. फक्त 'न आढळणं' हे इथे कोणीतरी मेहनतीने घडवून आणलेलं काम आहे, म्हणून तर ते यशाच्या यादीत आहे. वाक्य मात्र असं आहे, जणू दोष शोधायला सगळे कंदील घेऊन फिरले आणि तो बिचारा सापडलाच नाही.

पत्र

आता मालकांच्या पत्राकडे येऊ. रिकॉलचं पत्र हा जगातल्या सर्वांत कंटाळवाण्या साहित्यप्रकारांपैकी एक असेल. पण अमेरिकेतल्या पत्रात एक वाक्य असं असतं की ज्याच्यावर मी अक्षरशः फिदा आहे.

१९६६ च्या वाहन सुरक्षा कायद्याखाली तिथे जे नियम आहेत, ते हे पत्र कसं लिहायचं हेसुद्धा सांगतात. त्यातलं एक वाक्य कंपनीने आपल्या मनाने लिहायचंच नाही, ते नियमातच दिलंय. मराठीत साधारण असं: अमुक कंपनीने ठरवलं आहे की अमुक गाड्यांमध्ये वाहन सुरक्षेशी संबंधित दोष आहे. रिकाम्या जागी स्वतःचं नाव भरायचं. आणखी एक नियम म्हणतो की दोष नाहीच, किंवा त्याचा सुरक्षेशी संबंध नाही, असं सुचवणारं काहीही या पत्रात लिहायचं नाही.

म्हणजे नियम लिहिणाऱ्यांना कप फुटण्याची भाषा ठाऊक होती. 'दोष निदर्शनास आला आहे' असं लिहायची पळवाट त्यांनी बंद केली. कर्ता कंपनी. क्रियापद 'ठरवणं'. आढळलं नाही, समजलं नाही, ठरवलं. कारण दोष आहे की नाही हे कुठल्याही यंत्रावर आपोआप उमटत नाही. समोर तक्रारी असतात, तुटके भाग असतात, आलेख असतात, आणि एका क्षणी कोणीतरी म्हणावं लागतं की हो, हा दोष आहे.

याच क्रियापदाला एक घड्याळही बांधलेलं आहे. दोष आहे असं ठरल्यापासून पाच कामाच्या दिवसांत कंपनीने सरकारी संस्थेला, एनएचटीएसएला, कळवायचं असतं. आता तुम्ही कंपनी असाल तर काय कराल? घड्याळ लांबवायचा सोपा उपाय म्हणजे 'ठरवायचंच' नाही. अभ्यास चालू ठेवायचा. आणखी नमुने मागवायचे. पुढच्या मीटिंगची तारीख घ्यायची.

नोव्हेंबर २००९ च्या सुरुवातीला टोयोटाने मालकांना पाठवायच्या मजकुरात म्हटलं की योग्य मॅट नीट बसवलेली असेल तर गाडीत दोष नाही, आणि एनएचटीएसएलाही हेच आढळलं आहे. ४ नोव्हेंबरला एनएचटीएसएने जाहीर निवेदन काढून सांगितलं की ही माहिती चुकीची आणि दिशाभूल करणारी आहे. मॅट काढणं हा तात्पुरता इलाज आहे, मूळ दोष गाडीतच आहे: पेडलचा आकार आणि त्याखालच्या जमिनीची रचना. सरकारी संस्थेने एका वाक्याच्या व्याकरणासाठी भांडण काढलं, असं हे मला वाचताना वाटलं. आणि ते भांडायलाच हवं होतं. दोष मॅटचा असेल तर मॅट टाकणारा मालक जबाबदार. दोष पेडलच्या आकाराचा असेल तर तो आकार कोणीतरी काढलाय.

पेडल

मॅटचा गोंधळ चालू असताना आत आणखी एक गोष्ट शिजत होती, आणि तिचा मॅटशी काही संबंध नव्हता.

जुन्या गाड्यांमध्ये अ‍ॅक्सिलरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये तारेची केबल असायची. केबल तिच्या नळीत घासायची, त्यामुळे पायाला थोडा अडसर जाणवायचा. मग इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आलं. आता पेडल काही ओढत नाही. पेडलमधले सेन्सर 'पाय एवढा दाबलाय' असं विजेच्या दाबाच्या रूपात कंप्युटरला कळवतात आणि कंप्युटर थ्रॉटल उघडतो. पण नुसत्या स्प्रिंगवरचं पेडल पायाला फार हलकं लागतं, पाय स्थिर राहत नाही. म्हणून पेडलच्या आत मुद्दाम एक घासणारा भाग बसवतात, जुन्या केबलसारखं वाटावं म्हणून.

अडकत होता तो नेमका हा भाग. घासून घासून गुळगुळीत झालेला पृष्ठभाग, त्यात दमटपणा, आणि पेडल वर यायला वेळ लागायचा किंवा अर्धवट दाबलेलंच राहायचं. जो भाग गाडी चालायला लागतच नाही, केवळ सवयीच्या स्पर्शासाठी ठेवलेला आहे, तोच बिघडला. आपल्या मोबाइलच्या कॅमेऱ्याचा 'खटॅक' आवाज आठवा. समजा, त्या नकली आवाजामुळे फोन पेटायला लागला तर?

२१ जानेवारी २०१० रोजी टोयोटाने या पेडलसाठी अमेरिकेत सुमारे २३ लाख गाड्या परत मागवल्या, आणि पाच दिवसांनी आठ मॉडेलची विक्रीच थांबवली. इलाज होता पोलादाची एक छोटी पट्टी, जी आत सरकवली की घासणं कमी होतं.

पण घड्याळ कधी सुरू झालं होतं? एनएचटीएसएच्या म्हणण्यानुसार २९ सप्टेंबर २००९ लाच कंपनीने युरोपातल्या ३१ देशांत आणि कॅनडात या पेडलच्या दुरुस्तीच्या सूचना पाठवल्या होत्या. अमेरिकेला कळलं जानेवारीत. या उशिरासाठी एप्रिल २०१० मध्ये सुमारे १ कोटी ६४ लाख डॉलरचा दंड सांगण्यात आला, तेव्हाच्या कायद्यातला सर्वांत मोठा. कंपनीने तो भरला, पण काही लपवल्याचं मान्य केलं नाही.

ते मान्य झालं चार वर्षांनी. मार्च २०१४ मध्ये टोयोटाने न्याय खात्याशी तडजोड केली, १२० कोटी डॉलर भरले, आणि एका निवेदनातली प्रत्येक गोष्ट खरी असल्याचं कबूल केलं. या निवेदनाचं गद्य अतिशय कोरडं आहे. पेडल बनवणाऱ्या पुरवठादाराचं नाव सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आलेलं होतं, तरी इथे त्याला 'ए-पेडल कंपनी' म्हटलंय. पण याच कोरड्या कागदात सगळ्यात जास्त माणसं हालचाल करताना दिसतात.

त्यातला एक परिच्छेद ऑक्टोबर २००९ चा आहे. अमेरिकेतल्या पेडलची रचना बदलायच्या सूचना निघालेल्या होत्या. मग सॅन दिएगोचा अपघात गाजतोय, मॅटवरून एनएचटीएसएशी बोलणी चालू आहेत, अशा वेळी २१ ऑक्टोबरला जपानमधल्या इंजिनियरांनी आणि रिकॉलचे निर्णय घेणाऱ्या गटाच्या प्रमुखांनी तो बदल रद्द करायचं ठरवलं. अमेरिकेतल्या कर्मचाऱ्यांना तोंडी सांगण्यात आलं की कारखान्यांना कळवा. आणि हेही सांगण्यात आलं की याबद्दल काही लिहू नका. पुरवठादारालाही रद्द केल्याचा कागद जाणार नव्हता. कंपनीच्या स्वतःच्या रिवाजाच्या विरुद्ध, मागे काही न ठेवता हे करायचं होतं.

हा परिच्छेद वाचून मी फोन उपडा ठेवला. का, ते सांगेनच. पण टीका करायची तर इथेही करायला हवी. 'सांगण्यात आलं.' कोणी सांगितलं? निवेदनात कर्ता बहुतेक वेळा 'टोयोटा' असा आहे, फार तर 'इंजिनियर' किंवा 'प्रमुख'. एकाही व्यक्तीवर खटला झाला नाही. ठरलेला काळ संपल्यावर २०१७ मध्ये कंपनीवरचा आरोपही काढून घेतला गेला. म्हणजे सगळ्यांत स्पष्ट कागदातही कर्ता एक इमारतच राहिली.

इथे कंपनीचे अध्यक्ष आकिओ टोयोडा यांची आठवण काढायला हवी. फेब्रुवारी २०१० मध्ये ते अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे आले, माफी मागितली, आणि प्रत्येक गाडीवर आपलं नाव आहे असं म्हणाले. ते शब्दशः खरंच होतं. मला त्यांचं कौतुक वाटलं. पण कारण काय दिलं? आपण फार वेगाने वाढलो. माणूस स्वतःचं नाव घेऊन उभा राहिला, आणि दोष मात्र 'वाढ' नावाच्या हवेवर गेला.

पाय

आतापर्यंतच्या कागदांत माणसं फारशी काही करत नाहीत. मॅट सरकते, पेडल अडकतं, दोष आढळत नाही, सूचना रद्द होतात. मग एक कागद असा येतो ज्यात एक माणूस एकदम ठसठशीत कर्ता होतो. तो म्हणजे ड्रायव्हर.

काँग्रेसने विचारलं की हे इलेक्ट्रॉनिक्समुळे तर होत नाही ना. एनएचटीएसएने नासाची मदत घेतली. सुमारे दहा महिने काम चाललं, सॉफ्टवेअरच्या २ लाख ८० हजार ओळी तपासल्या गेल्या. ८ फेब्रुवारी २०११ ला निष्कर्ष आला: मोठ्या, अनपेक्षित वेगवाढीला इलेक्ट्रॉनिक कारण सापडलं नाही. ज्ञात कारणं दोनच, मॅट आणि चिकटणारं पेडल. उरलेल्या अनेक घटनांत बहुधा ड्रायव्हरने ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला असावा.

नासाच्या अहवालात एक सावध गोष्ट आहे: पुरावा सापडला नाही म्हणजे तसं घडूच शकत नाही असं सिद्ध होत नाही. वाहतूक मंत्र्यांच्या पत्रकार परिषदेत तिचं रूपांतर 'निकाल लागला' असं झालं. अहवालाकडून मथळ्याकडे जाताना शंका कशी गळून पडते याचा हा नमुना आहे.

तरीही, पायाची गोष्ट खोटी नाही. १९८६ मध्ये अमेरिकेत ऑडी ५००० वर असेच आरोप झाले होते, टीव्हीवर मोठा कार्यक्रम झाला, आणि १९८९ च्या सरकारी अभ्यासात बहुतेक घटना चुकीच्या पेडलच्या निघाल्या. टोयोटाच्याही अनेक गाड्यांच्या रेकॉर्डरमध्ये ब्रेक दाबल्याची नोंदच नव्हती. माल्कम ग्लॅडवेलने २०१६ मध्ये आपल्या पॉडकास्टचा एक अख्खा भाग यावर केला. त्याचं म्हणणं, गाडीचा ब्रेक इंजिनपेक्षा ताकदवान असतो, पूर्ण रेस देऊनही जोरात ब्रेक दाबला तर गाडी थांबते, तेव्हा लोकांनी दाबला तो ब्रेक नव्हताच.

तो भाग ऐकायला झकास आहे आणि त्यातलं भौतिकशास्त्र बरोबर आहे. पण ग्लॅडवेल 'ड्रायव्हरने दाबला' इथे येऊन समाधानाने थांबतो. मला तिथून पुढे प्रश्न पडतात. पूर्ण रेस असताना ब्रेक दोन-चारदा दाबून सोडला तर त्याला मदत करणारी निर्वात पोकळी संपते आणि पेडल दगडासारखं होतं. हे किती जणांना माहीत असतं? ईएस ३५० मध्ये किल्ली फिरवून इंजिन बंद करता येत नव्हतं, बटण होतं, आणि चालत्या गाडीत ते तीन सेकंद दाबून धरावं लागायचं. उसन्या गाडीत बसलेल्या माणसाला हे कोण सांगणार? ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबले गेले तर ब्रेकचं ऐकायचं, ही सोय युरोपातल्या काही कंपन्यांच्या गाड्यांत आधीपासून होती. टोयोटाने ती सगळीकडे द्यायला घेतली या प्रकरणानंतर.

पाय चुकतो. पाय चुकणारच, हे ऑडीपासून माहीत होतं. तेव्हा त्यावर उपाय म्हणून ब्रेक दाबल्याशिवाय गिअर 'पार्क'मधून निघणार नाही अशी कडी गाड्यांत आली, कारण कोणीतरी ती बसवायची ठरवली. ड्रायव्हर हा कर्ता आहेच, पण त्या वाक्यात तो एकटा नाही.

कोड

चौथा संशयित माझ्या ओळखीचा.

२००७ मध्ये ओक्लाहोमात २००५ च्या कॅमरीला अपघात झाला. गाडी चालवणारी बाई जबर जखमी झाली, शेजारी बसलेली बाई गेली. रस्त्यावर टायर घासल्याच्या खुणा होत्या. ऑक्टोबर २०१३ मध्ये ज्युरीने टोयोटाला जबाबदार धरलं, एकूण ३० लाख डॉलरची भरपाई सांगितली, आणि दंडाचा टप्पा येण्याआधीच दोन्ही बाजूंनी तडजोड केली.

या खटल्यात फिर्यादींच्या बाजूने मायकेल बार या तज्ज्ञाने साक्ष दिली. कोड वाचायला त्याला एका बंदोबस्तातल्या, हॉटेलच्या खोलीएवढ्या खोलीत जावं लागायचं. इंटरनेट नाही, कागद बाहेर नेता येत नाही. त्याने सांगितलं की कोडमध्ये १० हजारांहून जास्त ग्लोबल व्हेरिएबल आहेत. ज्यांनी कोड लिहिलाय त्यांच्या अंगावर इथे काटा आला असेल. बाकीच्यांसाठी: कल्पना करा, एका सोसायटीत १० हजार तिजोऱ्या आहेत आणि प्रत्येकाकडे सगळ्यांच्या किल्ल्या आहेत.

त्याने एका भागाबद्दल बरंच सांगितलं. गोपनीयतेमुळे त्याचं खरं नाव कोर्टात घेता येत नव्हतं, म्हणून त्याला 'टास्क एक्स' म्हटलं गेलं. थ्रॉटल किती उघडायचं हे टास्क एक्स ठरवतो, आणि काही बिघडलं तर गाडीला सुरक्षित स्थितीत नेणाऱ्या अनेक उपायांचं कामही टास्क एक्सकडेच. मेमरीतला एखादा बिट उलटला आणि टास्क एक्स मेला, तर थ्रॉटल उघडं राहू शकतं, आणि बोंब मारणारा तोच असल्यामुळे बोंबही होत नाही. हे त्याचं म्हणणं.

टोयोटाने ते फेटाळलं. आणि बारच्या साक्षीवरून हेही सिद्ध होत नाही की त्या दिवशी त्या गाडीत नेमकं हेच घडलं. असं घडू शकतं, एवढंच त्याने दाखवलं. इंजिनियर मित्रांमध्ये हा विषय निघाला की दोन तट पडतात: कोडच दोषी म्हणणारे आणि नासावर विश्वास ठेवणारे. मला तटात उभं राहायचं नाही. मला टास्क एक्स या नावाचं नवल वाटतं. तो लिहिणारे कोणीतरी होते. कोणीतरी रिव्ह्यू केला असेल. एखाद्याला खटकलंही असेल. त्या सगळ्यांच्या जागी एक 'एक्स' उभा आहे.

टिकेट

आता माझं.

मी औषधं घरपोच देणाऱ्या एका कंपनीत आहे. आम्ही एक फीचर केलं: दर महिन्याच्या गोळ्या संपायच्या आत ग्राहकाला मेसेज जाणार. मार्चच्या मध्यावर दुसरंच काही शोधताना मला दिसलं की ज्यांची तारीख ३१ आहे, त्यांना ३० दिवसांच्या महिन्यात मेसेजच जाणार नाही. एप्रिल यायला वेळ होता. मी लीडला जाऊन सांगितलं. तो वाईट माणूस नाही, मला त्याने पुष्कळ शिकवलंय. तो म्हणाला, "अगं, आत्ता टिकेट काढू नकोस, रिलीजच्या आधी ओपन बगची संख्या वाढलेली दिसेल. नंतर करू." मी म्हटलं, बरं. आणि विसरले.

मे महिन्यात एका बाईंची तक्रार आली. त्यांचे वडील एकटे राहतात, मेसेजची वाट बघत बसले, बीपीच्या गोळ्या चार दिवस चुकल्या. तसे बरेच ग्राहक निघाले. बग दुरुस्त करायला मला वीस मिनिटं लागली. मग आरसीए, म्हणजे मूळ कारणाचा अहवाल, लिहायचा होता. तो मीच लिहिला. इंग्रजीत. त्याचं मराठी असं होईल: काही ग्राहकांना मेसेज गेले नसल्याचे निदर्शनास आले. मूळ कारण: तारखेच्या गणनेतील त्रुटी.

कप फुटला.

ऑक्टोबर २००९ चा तो परिच्छेद वाचून मी फोन उपडा का ठेवला, ते आता कळलं असेल. माझ्या गोष्टीत कोणी मेलं नाही, आणि मी काही टोयोटा नाही. पण 'तोंडी सांगण्यात आलं, लिहू नका' हे वाक्य मला आतून माहीत होतं. ते कोणत्या आवाजात बोलतात हेही. दबक्या, कटाच्या आवाजात ते नसतं. चहा पिता पिता, सहज, आपुलकीने असतं.

आमच्या धंद्यात अलीकडे 'ब्लेमलेस' अहवालाची पद्धत आहे. कोणाला दोष द्यायचा नाही, म्हणजे लोक खरं बोलतात. मला ती पद्धत पटते. आई "फोडलास?" विचारून धपाटा घालायची, म्हणून तर मी "फुटला" म्हणायला शिकले. पण आम्ही दोष काढता काढता कर्ताच काढून टाकला. 'तारखेच्या गणनेतील त्रुटी' हे मूळ कारण नाही. ती सहा आठवडे एका माणसाला माहीत होती आणि कागदावर नव्हती, हे कारण आहे. पुढच्या वेळी टाळायचं आहे ते हे. तारखा तर आता बरोबर मोजल्या जातातच.

टोयोटाने २००९ मध्ये ग्राहकांना आश्वासन दिलं होतं की मूळ कारणावर इलाज केलाय. तेव्हा चिकटणाऱ्या पेडलची गोष्ट आत माहीत होती. 'मूळ कारण' या शब्दांत असा एक पूर्णविराम दडलेला असतो. मॅट सापडली, आता घरी जा. पाय सापडला, घरी जा. टास्क एक्स सापडला, घरी जा. चारही संशयित एकाच वेळी खरे असू शकतात, आणि त्या प्रत्येकाच्या मागे कोणीतरी काहीतरी ठरवलेलं किंवा न ठरवलेलं असतं, हे कुठल्याच एका अहवालात मावत नाही.

आपल्याकडे रिकॉल आधी पूर्णपणे कंपन्यांच्या मर्जीवर होतं. २०१२ मध्ये वाहन उत्पादकांच्या संघटनेने, सियामने, ऐच्छिक नियमावली केली. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने रिकॉलचा आदेश द्यायचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला, आणि १ एप्रिल २०२१ पासून १० लाख ते १ कोटी रुपयांच्या दंडाची तरतूद आली. तरी आपल्याकडची पत्रकं काढून बघा. 'ऐच्छिक', 'खबरदारीचा उपाय म्हणून', 'संभाव्य त्रुटी तपासण्यासाठी'. पुढच्या वेळी तुमच्या गाडीसाठी असं पत्र आलं, तर भाग मोफत बदलून घ्याच, पण त्यात 'आम्ही ठरवलं' हे कुठे आहे का तेही शोधा.

मागच्या आठवड्यात मी तो जुना आरसीए उघडला आणि वर एक ओळ घातली: मार्चच्या मध्यावर मला हा बग दिसला होता, मी तो तोंडी सांगितला आणि लिहून ठेवला नाही. लीडचं नाव घातलं नाही. ते त्याने घालावं की नाही, हे त्याने ठरवायचं.

दुसऱ्या दिवशी त्या ओळीवर त्याची कॉमेंट आली होती: "'मला'च्या जागी 'टीमला' करूया का?"

कॉमेंट अजून तशीच उघडी आहे. मी ती मिटवलेली नाही.